बळी कोणाचा? : स्मृतिटंचाईचा एक इतिहास

‘मेमरी संपली आहे, अमुक क्रमांकाच्या प्रोसेसला मारा, अथवा तिच्या अपत्याचा बळी द्या.’ लिनक्स या संचालन प्रणालीच्या नोंदवहीत २०१० पासून २०१९ पर्यंत या अर्थाचे एक इंग्रजी वाक्य उमटत असे. ‘सॅक्रिफाइस चाइल्ड’ हेच शब्द त्यात होते. ते लिहिणाऱ्यांच्या मनात वाङ्मयीन परिणाम साधण्याचा हेतू असण्याचे कारण नाही. ते अभियंते होते आणि यंत्रात घडलेली घटना थोडक्यात नोंदवणे एवढेच त्यांचे काम होते. तरीही श्रावणातल्या कहाण्या ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हे वाक्य अनोळखी वाटत नाही. शिळासप्तमीच्या कहाणीत राजा तळे बांधतो, त्याला पाणी लागत नाही, आणि जलदेवता सुनेच्या थोरल्या मुलाचा बळी मागतात. टंचाई, निवड आणि बळी ही त्रयी आपल्या लोककथेत फार जुनी आहे. ती एका यंत्राच्या गाभ्यात कशी पोचली, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी तो पाहावा असे मला वाटते, कारण हा इतिहास जितका तंत्राचा आहे तितकाच शब्दांचा, वायद्यांचा आणि निवाड्याचाही आहे.

१

प्रथम थोडी परिभाषा. ज्याला इंग्रजीत ‘कर्नेल’ म्हणतात तो संचालन प्रणालीचा गाभा. आपण वापरतो ते प्रोग्राम आणि प्रत्यक्ष यंत्र यांच्यामध्ये तो उभा असतो. कोणत्या प्रोग्रामला किती वेळ चालू द्यायचे, कोणाला किती मेमरी द्यायची, हे तो ठरवतो. चालू असलेल्या प्रोग्रामला ‘प्रोसेस’ म्हणतात. एका प्रोसेसने दुसरी जन्माला घातली की पहिली ‘पालक’ आणि दुसरी ‘अपत्य’. नात्यांची ही शब्दकळा युनिक्सच्या आरंभापासून, म्हणजे १९७० च्या दशकापासून रूढ आहे. या विषयावर मराठी माणसांनी लिहिलेली पाठ्यपुस्तके आहेत, पण ती इंग्रजीत. मुंबईच्या आयआयटीतील धनंजय धामधेरे यांचे पुस्तक अनेक विद्यापीठांत अभ्यासले गेले. ‘मुसाफिर’, ‘किमयागार’ या मराठी पुस्तकांमुळे आपल्याला परिचित असलेल्या अच्युत गोडबोले यांनीही संचालन प्रणालींवर इंग्रजी पाठ्यपुस्तक लिहिले आहे. मराठीत बोलू लागलो की मात्र ‘मेमरी’ला ‘स्मृती’ म्हणावे की नाही, इथपासून अडखळायला होते.

मेमरीचे कामकाज समजून घेण्यासाठी ग्रंथालयाचे उदाहरण सोयीचे आहे. वाचनकक्षातले टेबल लहान असते, पुस्तकांचे कोठार मोठे. वाचकाला सगळी पुस्तके आपल्यासमोरच आहेत असे वाटावे, यासाठी ग्रंथपाल लागेल ते पुस्तक टेबलावर आणतो आणि नको असलेले कोठारात परत पाठवतो. संगणकशास्त्रात या देवघेवीच्या एककाला खरोखरच ‘पान’ म्हणतात, आणि आपल्या नेहमीच्या संगणकांवर हे पान बहुधा ४०९६ बाइटांचे असते. ही कल्पना पहिल्यांदा मँचेस्टर विद्यापीठाच्या ‘अ‍ॅटलस’ या संगणकात प्रत्यक्षात आली. टॉम किलबर्न यांच्या चमूने घडवलेले हे यंत्र डिसेंबर १९६२ मध्ये कार्यान्वित झाले. त्याची जलद मेमरी १६ हजार शब्दांची, तर फिरत्या चुंबकीय ड्रमवरची साठवण ९६ हजार शब्दांची होती. प्रोग्राम लिहिणाऱ्याला या दोहोंतला फरक जाणवू द्यायचा नाही, ही अ‍ॅटलसची प्रतिज्ञा होती.

प्रतिज्ञेबरोबर एक प्रश्नही जन्माला आला. टेबल भरल्यावर कोणते पान उचलायचे? १९६६ मध्ये आयबीएममधील लास्लो बेलाडी यांनी त्याचे आदर्श उत्तर मांडले : ज्या पानाची गरज भविष्यात सर्वांत उशिरा पडणार आहे ते उचलावे. उत्तर निर्दोष आहे, पण ते अमलात आणायला भविष्य ठाऊक असावे लागते. त्यामुळे प्रत्यक्षातल्या सगळ्या पद्धती भूतकाळावरून भविष्याचा अंदाज बांधतात. जे पान बराच काळ उघडले गेले नाही ते पुढेही लागणार नाही, असे धरून चालतात.

अंदाज चुकू लागले की काय होते, हे पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले. एकाच वेळी फार प्रोग्राम चालू केले की प्रत्येकाचे लागते पान दुसऱ्यासाठी उचलले जाते आणि लगेच परत आणावे लागते. यंत्र अखंड राबते, पण काम पुढे सरकत नाही. या अवस्थेला त्यांनी वापरलेला शब्द ‘थ्रॅशिंग’. इंग्रजीत हा शब्द मळणीसाठीच्या शब्दाचाच भाऊ आहे. खळ्यात बैल गोल गोल फिरत राहावेत आणि दाणा मात्र पडू नये, अशी ही मळणी. डेनिंग यांचा उपाय साधा होता : प्रत्येक प्रोसेसला त्या-त्या काळात खरोखर लागणाऱ्या पानांचा एक संच असतो, तेवढी जागा नसेल तर तिला सुरूच होऊ देऊ नये. दारातच ‘थांब’ म्हणण्याचा हा उपाय आहे. पुढच्या इतिहासात जे बिघडले ते हा उपाय मागे पडल्याने बिघडले, असे म्हणायला जागा आहे.

२

बिघाडाचे मूळ वायद्यात आहे. युनिक्समध्ये नवी प्रोसेस जन्मते ती पालकाची प्रत म्हणून. प्रत करायची म्हणजे पालकाएवढीच मेमरी पुन्हा द्यायला हवी. पण बहुतेक अपत्ये जन्मताच पालकाचा वारसा टाकून देऊन वेगळाच प्रोग्राम चालवू लागतात, मग एवढी नक्कल कशासाठी? म्हणून युक्ती निघाली : पाने दोघांत सामाईक ठेवायची, आणि कोणी एखाद्या पानावर लिहू लागले तरच त्याची वेगळी प्रत करायची. युक्ती चोख आहे. परंतु तिच्यामुळे कर्नेलच्या हिशेबात एक फट पडते. कागदोपत्री दोन घरांना धान्य दिलेले असते, कोठारातून मात्र एकाच घराचे निघालेले असते.

प्रोग्रामही मागताना हातचे राखून मागत नाहीत. लागेल त्याहून पुष्कळ मागतात आणि मिळालेल्यातले थोडेच वापरतात. कर्नेललाही ते ठाऊक असते, म्हणून तो सढळ हाताने शब्द देतो. सगळे ठेवीदार एकाच दिवशी पैसे काढायला येणार नाहीत या भरवशावर बँक चालते, तसाच हा भरवसा. लिनक्समध्ये याबाबत तीन धोरणे उपलब्ध आहेत : अवास्तव मागणी तेवढी नाकारणे, कोणतीच मागणी न नाकारणे, आणि हिशेब काटेकोर ठेवून ऐपतीबाहेर शब्दच न देणे. यंत्र घेतले की सुरुवातीला पहिले धोरण लागू असते. तिसरे सर्वांत प्रामाणिक, पण ते फारसे कोणी निवडत नाही. कारण मग जागा रिकामी दिसत असताना नकार ऐकावा लागतो.

आता या व्यवस्थेतली कळीची गोष्ट पाहू. प्रोग्राम मेमरी मागतो त्या क्षणी त्याला ‘नाही’ म्हणता येते आणि तो नकार पचवून दुसरी वाट धरू शकतो. पण सढळ वायद्यात त्या क्षणी ‘हो’ म्हटलेले असते. वायदा मोडतो तो नंतर, प्रोग्राम त्या पानावर पहिले अक्षर लिहायला जातो तेव्हा. त्या क्षणी नकार कळवायला जागाच नसते, कारण प्रोग्रामच्या दृष्टीने ते पान केव्हाच त्याचे झालेले असते. आधी कर्नेल आपल्या परीने झाडझूड करतो : फायलींच्या जवळ ठेवलेल्या प्रती टाकतो, न वापरलेली पाने डिस्कवर हलवतो. (ही डिस्कवर हलवण्याची सोय लिनक्समध्ये आली तीही टंचाईतूनच. १९९१ च्या डिसेंबरात जर्मनीतल्या एका वापरकर्त्याच्या २ मेगाबाइटांच्या यंत्रावर काम भागेना, म्हणून लिनस तोरवाल्ड्स यांनी नाताळच्या दिवसांत ती लिहिली.) एवढे करूनही जागा निघाली नाही, तर आधीच जागा घेऊन बसलेल्या कोणाला तरी उठवावे लागते. उठवणे म्हणजे इथे मारणेच.

३

हा निवाडा करणारा लिनक्सचा भाग रिक व्हान रील यांनी लिहिला. त्याच्या शीर्षटिपेत १९९८ आणि २००० ही वर्षे आहेत. त्याचे रूढ नाव ‘ओओएम किलर’, म्हणजे मेमरी संपल्यावरचा मारेकरी. ती संगणकसंहिता वाङ्मय म्हणून वाचली तरी उद्बोधक ठरते. कोणाला मारायचे हे ठरवणाऱ्या सूत्राचे नाव ‘बॅडनेस’ होते. त्याच्या टिपेत उद्दिष्टे मांडली होती, ती साधारण अशी : झालेले काम कमीत कमी वाया जावे, मोकळी होणारी मेमरी भरपूर असावी, निरपराधाला हात लागू नये, शक्यतो एकच बळी पडावा, आणि यंत्राच्या मालकाला ज्याची अपेक्षा असेल तोच पडावा. पाचही उद्दिष्टे रास्त आहेत, आणि पाचही एका वेळी साधणे कित्येकदा अशक्य आहे. निरपराध आणि मोठी एकच प्रोसेस असेल तर? सर्वांत खादाड प्रोसेसच मालकाच्या जिव्हाळ्याची असेल तर?

जुन्या सूत्रात या पेचांची छाया दिसते. प्रोसेसने जेवढी मेमरी अडवली तेवढे तिचे दोषगुण. ती बराच काळ चालत आली असेल तर दोष उणा, म्हणजे वयाचा मान. मालकाने कमी महत्त्वाची ठरवली असेल तर दोष दुप्पट. प्रशासकाची असेल तर दोष चौथाई, म्हणजे अधिकाराचाही मान. अपत्यांच्या मेमरीचा अर्धा भार पालकाच्या माथी. नीट पाहिले तर ही एक छोटी दंडनीतीच आहे. गुन्हा, वय, दर्जा आणि कुळ या सगळ्यांचा हिशेब तीत आहे.

निवाडे चुकत, आणि चुकले की वाद होत. सप्टेंबर २००४ मध्ये थॉमस हॅबेट्स यांनी कर्नेलच्या टपालयादीवर एक सुधारणा सुचवली. त्यांच्या यंत्रावर मारेकऱ्याने पडदा कुलूपबंद ठेवणारा प्रोग्रामच मारला होता, म्हणजे घराचा पहारेकरीच. म्हणून काही प्रोसेसना कायमचे अभय देता यावे, असे त्यांचे म्हणणे. त्यावर आंद्रिस ब्राउवर यांनी एक दृष्टान्तकथा लिहिली. एका विमान कंपनीला कमी इंधनावर विमाने उडवणे स्वस्त पडते असे आढळते. क्वचित इंधन संपते, तेव्हा एखाद्या प्रवाशाला बाहेर फेकण्याची यंत्रणा अभियंते तयार करतात. मग कोणाला फेकावे यावर खल सुरू होतो : वजनदाराला, वृद्धाला, की स्वस्त तिकिटाच्या प्रवाशाला? पैसे भरून अभय विकत घेता यावे का? या कथेचे मर्म असे की, निवड न्याय्य कशी करावी या चर्चेत शिरलो की इंधन कमी का भरले हा मूळ प्रश्न मागे पडतो. उपरोधाची इतकी काटेकोर उदाहरणे साहित्यातही वारंवार सापडत नाहीत.

२०१० मध्ये डेव्हिड रिएंट्जेस यांनी सूत्र नव्याने लिहिले. वय, धावण्याचा काळ वगैरे गुंतागुंत गेली. उपलब्ध मेमरीपैकी किती वाटा अडवला, एवढ्यावर गुण ठरू लागले, आणि मालकाला उणे १००० ते अधिक १००० या मर्यादेत ते गुण कमीजास्त करण्याची मुभा मिळाली. उणे १००० म्हणजे अभय. दंडनीती संपली आणि निखळ मोजमाप आले; मूल्याचा निर्णय यंत्राने मालकाकडे सोपवला.

एक जुनी रीत मात्र टिकून राहिली. पालक दोषी ठरला तरी आधी त्याच्या अपत्याला मारायचे. तिचा तर्क असा की अपत्याने पालकापेक्षा कमी काम केलेले असते, म्हणून त्याच्या जाण्याने नुकसान कमी. आरंभी दिलेले वाक्य या रीतीचेच. २०१९ मध्ये शकील बट यांच्या सुधारणेने ही रीत काढून टाकली. कारण भावनिक नव्हते. अपत्याचे काम कमीच असते हे गृहीतक प्रत्येक ठिकाणी खरे ठरत नाही, आणि ज्याला तसे हवे असेल त्याने गुण कमीजास्त करून घ्यावेत, एवढाच युक्तिवाद होता. रीतीबरोबर नोंदवहीतले ‘अपत्याचा बळी’ हे शब्दही गेले.

४

शब्द गेले तरी ते होते, आणि का होते हा प्रश्न उरतो. कर्नेलच्या संहितेत निवडलेल्या प्रोसेसला दोन नावे आहेत. शोध चालू असताना ती ‘चोझन’ असते, निवडलेली. मारण्याच्या पायरीवर तीच ‘व्हिक्टिम’ होते. मराठीत या दुसऱ्या शब्दाला आपण ‘बळी’च म्हणतो. अपघाताचा बळी आणि देवतेला दिलेला बळी यांत मराठी भेद करत नाही. आणि ज्या शेतकऱ्याला आपण बळीराजा म्हणतो त्याच्याही नावात तोच ध्वनी आहे.

मंठ्यासारख्या गावातून हा इतिहास वाचताना हे ध्वनी कानाआड करता येत नाहीत. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, तोडल्या गेल्या. टँकरचे पाणी मोजकेच असताना कोणत्या झाडांना द्यायचे आणि कोणती सोडून द्यायची, हा निवाडा शेतकऱ्याला करावा लागतो. फळावर आलेली जुनी बाग म्हणजे वर्षानुवर्षांचे झालेले काम. ते वाया जाऊ नये, मोकळे होणारे पाणी भरपूर असावे, आणि एकाच्या जाण्याने बाकीची जगावीत, हे ‘बॅडनेस’चेच हेतू होत. फरक एवढाच की हे सूत्र कोणी लिहून ठेवलेले नसते, आणि निवाडा करणाऱ्यालाच तोटा सोसावा लागतो. कर्नेल कोणाला मारतो तेव्हा त्याचे काहीच जात नाही.

म्हणून ही तुलना एका मर्यादेपलीकडे ताणू नये. प्रोसेस सजीव नाही. तिचे ‘मरण’ म्हणजे कोणा माणसाचे न जतन केलेले काम नाहीसे होणे. ‘मारणे’, ‘बळी’, ‘अपत्य’ हे शब्द यंत्रासाठी वापरल्याने यंत्र क्रूर ठरत नाही. धोका उलट दिशेचा आहे. यंत्राच्या संदर्भात हे शब्द इतके गुळगुळीत होतात की माणसांच्या टंचाईबद्दलही आपण गुण, क्रमवारी आणि ‘कमीत कमी नुकसान’ याच भाषेत बोलू लागतो. शिळासप्तमीची कहाणी हा धोका ओळखते. तिथे राजा सुनेला माहेरी धाडून तिच्या नकळत मुलाचा बळी देतो. निवाडा कार्यक्षम असतो, तळ्याला पाणी लागते. पण कहाणी तिथे थांबत नाही. सून परतताना तळ्याकाठी वसा वसते, आणि पाण्यातून तिचा मुलगा तिचे पाय धरतो. ज्याला न विचारता निर्णय झाला त्याच्याकडे कथा पुन्हा वळते. नोंदवहीतल्या वाक्यात असा परतीचा रस्ता नसतो.

५

गेल्या दोन दशकांतला इतिहास आहे तो मारेकऱ्यावरचे अवलंबन कमी करण्याचा. २००८ मध्ये कर्नेलमध्ये मेमरीची गटवार वाटणी आली. आयबीएममध्ये भारतातून काम करणारे बलबीर सिंग आणि पावेल एमेल्यानोव्ह हे त्या कामातले प्रमुख. त्यामुळे एका गटाची टंचाई त्या गटातच निस्तरली जाते, साऱ्या यंत्राला वेठीस धरत नाही. २०१६ मध्ये मायकल होको यांनी आणखी एक अडचण सोडवली. मृत्युदंड झालेली प्रोसेस कधी कधी दुसऱ्या कुलपावर अडकून पडे आणि मेमरी सोडतच नसे. तिची पाने परस्पर काढून घेणारा ‘रीपर’, म्हणजे कापणी करणारा, त्यांनी नेमला. पुन्हा शेतीचाच शब्द.

सर्वांत महत्त्वाचा बदल २०१८ च्या अखेरीचा. फेसबुकमधील योहानेस वाइनर यांनी टंचाईचा ‘दाब’ मोजणारी सोय कर्नेलमध्ये आणली. मेमरी किती उरली, हे ती विचारत नाही. मेमरीच्या प्रतीक्षेत कामांचा किती वेळ वाया जातो आहे, हे ती मोजते. डेनिंग यांची मळणी इथे पन्नास वर्षांनी मोजपट्टीवर आली. दाब वाढताना दिसला की कर्नेलबाहेरचा एखादा प्रोग्राम वेळीच काम कमी करू शकतो. आपल्या हातातले अँड्रॉइड फोनही आता अशाच बाहेरच्या कारभाऱ्यावर चालतात. समोर उघडे असलेले अ‍ॅप शेवटी, मागे पडून राहिलेले आधी, अशी त्याची क्रमवारी असते. आणि अ‍ॅपला आधी ‘पसारा आवर’ असा निरोपही धाडला जातो.

अंतिम क्षणीच्या निवाड्यापासून आधीच्या मोजमापाकडे झालेला हा प्रवास आपल्याला दुसऱ्या संदर्भात परिचित आहे. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ ठरला तो पैसेवारीवर. पीक हाती येण्याच्या सुमारास ते पन्नास पैशांच्या आत भरले तर टंचाई. म्हणजे जे जायचे ते गेल्यावर झालेली मोजणी. २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पावसाचा खंड, जमिनीतला ओलावा, भूजल, पिकांची स्थिती असे निर्देशक पुढे आणले. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस राज्यात ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यांत मंठा होता. निर्देशक बदलल्याने पाऊस पडत नाही, हे खरेच. पण दाब कधी मोजायचा हे ठरले की बळी कोणाचा हा प्रश्न थोडा पुढे ढकलता येतो.

तरीही ब्राउवर यांचा प्रश्न शिल्लक राहतो. गटवार वाटणी असो, दाबाची मोजणी असो वा मारेकऱ्याचे सुधारलेले सूत्र असो, ही सगळी वायदा देऊन झाल्यानंतरची व्यवस्था आहे. काटेकोर हिशेबाचे धोरण लिनक्समध्ये आजही उपलब्ध आहे, आणि ते निवडण्याची आपली तयारी आजही कमीच आहे. कारण त्यात नकार आधी आणि उघडपणे द्यावा लागतो, आणि ज्याला नकार दिला तो समोर उभा असतो. टंचाईच्या काळात निवाडा कसा करावा याविषयी आपले साहित्य पुष्कळ बोलले आहे. शब्द देण्याच्या वेळी, कोठार भरलेले दिसत असताना, हिशेब कसा ठेवावा याविषयी ते काय म्हणते, हे शोधण्याचे काम विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे.